पुनर्भेटीची गर्दी म्हणजे रोजचं गिऱ्हाईक नव्हे



आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. विषय आहे अमेरिकेतल्या जुन्या विनोदी मालिकांचा, ज्यांना सिटकॉम म्हणतात. या मालिका बंद पडल्यावर दहा-वीस वर्षांनी तीच पात्रं आणि बहुतेक तेच कलाकार घेऊन जे पुनर्भेटीचे सिनेमे काढले गेले, त्यांच्याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही इथे धंदा शिकायला येतो, हे काय मध्येच?" थोडं थांबा. शेवटपर्यंत वाचा. यात तुमच्या खिशातल्या पैशाचा प्रश्न आहे.

माझ्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. शब्द वेगळे असतात, गाभा तोच. "बाबांची खानावळ होती, दहा-बारा वर्षांपूर्वी बंद झाली. गावात लोक अजून आठवण काढतात. पुन्हा सुरू करू का?" कुणाच्या आजीचा काळा मसाला असतो, कुणाच्या काकांचा फोटो स्टुडिओ, कुणाच्या मामाचं सायकलचं दुकान. आणि घरचे, पाहुणे, मित्र सगळे एकच उत्तर देतात, "अरे, नाव आहे ना! नावावरच चालेल."

माझं मत स्पष्ट सांगतो. नावावर पहिला आठवडा चालतो. त्या पहिल्या आठवड्याची गर्दी बघून जो पाच वर्षांचं कर्ज काढतो, तो स्वतःच्या हाताने खड्डा खणतो. हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकन टीव्हीने हाच प्रयोग १९७० आणि ८० च्या दशकांत सगळ्यांसमोर, मोठा पैसा लावून, पुन्हा पुन्हा करून पाहिला. काही फसले, काही जमले. आपल्याला ते फुकटात शिकता येतंय, तर का सोडायचं?

आधी हे सिनेमे काय होते ते समजून घ्या

त्या काळात अमेरिकेत टीव्हीचं राज्य तीन मोठ्या वाहिन्यांकडे होतं : सीबीएस, एनबीसी आणि एबीसी. मालिका बंद झाली तरी तिचे जुने भाग गावोगावच्या केंद्रांना विकले जायचे आणि दुपारी-संध्याकाळी पुन्हा पुन्हा दाखवले जायचे. शाळेतून घरी आलेली पोरं तेच बघायची. त्यामुळे काही मालिका बंद पडल्यानंतरच जास्त लाडक्या झाल्या. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 'साराभाई व्हर्सेस साराभाई' आठवा. २००४ ला आली, तेव्हा फार मोठी चालली नाही. पुनःप्रसारणातून आणि इंटरनेटवरून ती घराघरात पोचली आणि २०१७ मध्ये त्याच कुटुंबाला घेऊन वेब मालिका निघाली.

आता वाहिनीच्या मालकाच्या जागी बसून विचार करा. तुमच्याकडे पात्रं तयार आहेत. लोकांना नावं पाठ आहेत. जाहिरातीवर फार खर्च करावा लागत नाही, वर्तमानपत्रं आपणहून बातमी छापतात की अमुक कुटुंब पुन्हा भेटायला येतंय. मग दोन तासांचा एक टीव्ही सिनेमा काढायचा, एका रात्री दाखवायचा. धोका कमी, गर्दीची खात्री जास्त. धंदा म्हणून हा विचार बरोबरच होता. चूक पुढच्या पायरीवर झाली.

गिलिगनचं बेट : प्रश्नाचं उत्तर मिळालं, गिऱ्हाईक घरी गेलं

'गिलिगन्स आयलंड' ही मालिका सीबीएसवर १९६४ ते १९६७ या काळात चालली. एकूण ९८ भाग. सात माणसं तीन तासांच्या बोटफेरीला निघतात, वादळात सापडतात आणि एका निर्जन बेटावर अडकतात. दर भागात सुटकेचा प्रयत्न, दर भागात काहीतरी घोळ. मालिका अचानक बंद झाली आणि सुटकेचा भाग कधी आलाच नाही. मग अकरा वर्षं पुनःप्रसारण बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न : ही माणसं सुटली का?

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीसीने 'रेस्क्यू फ्रॉम गिलिगन्स आयलंड' हा सिनेमा दोन भागांत दाखवला. प्रचंड प्रेक्षक मिळाले. माणसं सुटतात, शहरात परत येतात, पण जग बदललेलं असतं, कुणालाच तिथे करमत नाही. शेवटी सगळे पुन्हा एकत्र बोटीवर जातात आणि पुन्हा त्याच बेटावर येऊन आदळतात.

इथे वाहिनीने काय हिशेब केला असेल, तो तुम्हीही केला असता. एवढी गर्दी आली म्हणजे मागणी आहे. मग १९७९ मध्ये दुसरा सिनेमा आला, 'द कास्टअवेज ऑन गिलिगन्स आयलंड'. यात ते बेटच पर्यटकांसाठी रिसॉर्ट बनतं. डाव असा होता की यातून नवी मालिका सुरू करता येईल. मालिका झाली नाही. १९८१ मध्ये तिसरा सिनेमा आला, त्यात बेटावर चक्क हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा बास्केटबॉलचा संघ उतरवला. बेट तेच, पात्रं तीच, आणि ओढायला मात्र बाहेरून पाहुणे आणावे लागले. त्यानंतर दुकान बंद.

बघा, काय झालं? १९७८ ची गर्दी एका प्रश्नाचं उत्तर ऐकायला आली होती. उत्तर मिळालं. ज्याला उत्तर मिळालं तो दुसऱ्यांदा कशाला येईल? तुमच्या बाबांच्या खानावळीबद्दलही गावाच्या डोक्यात असाच एक प्रश्न असतो : "पूर्वीसारखी चव आहे का रे?" लोक येतात, जेवतात, "हो, तशीच आहे" किंवा "नाही बुवा, ती गोष्ट नाही" असं म्हणतात आणि जातात. दोन्ही उत्तरांत प्रश्न मिटला. आता पुढच्या मंगळवारी त्यांनी तुमच्याकडे का यावं, याचं कारण तुम्हाला द्यायचंय. ते कारण जुन्या पाटीत नसतं.

ब्रेडी कुटुंब : एका रात्रीचा माल दर आठवड्याला विकायला गेले

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही मालिकांचा जनक एकच, शेरवूड श्वार्ट्झ. त्याची 'द ब्रेडी बंच' १९६९ ते १९७४ चालली. तीन मुलांचा बाप आणि तीन मुलींची आई लग्न करतात आणि आठ जणांचं घर तयार होतं, सोबत घरकाम सांभाळणारी अ‍ॅलिस. मूळ प्रसारणात ही मालिका लोकप्रियतेच्या पहिल्या दहात कधीच नव्हती. पुनःप्रसारणाने तिला मोठं केलं.

१९८८ च्या डिसेंबरमध्ये सीबीएसने 'अ व्हेरी ब्रेडी ख्रिसमस' दाखवला. आईबाप सहलीसाठी साठवलेले पैसे मोडतात आणि त्या पैशांत सगळ्या मुलांना सणाला घरी बोलावतात. मुलं येतात, पण प्रत्येकाच्या मनात काहीतरी दडवलेलं असतं. कुणाच्या जावयाची नोकरी गेलेली, कुणाचा संसार मोडायला आलेला. आपल्या दिवाळीत जसं सगळं घर एकत्र येतं आणि फराळाच्या ताटाभोवती हळूहळू खरं बाहेर पडतं, तसंच. त्या वर्षीच्या सर्वात जास्त पाहिल्या गेलेल्या टीव्ही सिनेमांत तो होता.

मग पुन्हा तोच हिशेब. १९९० मध्ये 'द ब्रेडीज' नावाची दर आठवड्याची मालिका सुरू केली. एक तासाची, गंभीर वळणाची. एका मुलाला मोटारींच्या शर्यतीत अपघात होऊन अपंगत्व येतं, एका मुलीला दारूचं व्यसन लागतं. सहा भागांत मालिका गुंडाळली.

इथे दोन चुका एकावर एक आहेत. पहिली, सणाची गर्दी रोजची समजली. ख्रिसमसच्या आधी, एका रात्री, सगळं घर टीव्हीपुढे असताना लोकांनी दोन तास दिले. दर शुक्रवारी एक तास द्यायचं कबूल केलं नव्हतं. दुसरी, ज्या मालासाठी लोक आले होते तो मालच बदलला. हलकंफुलकं घर बघायला आलेल्या माणसाच्या ताटात औषधाचा काढा वाढला. तुम्ही आजीच्या नावाने मसाल्याचं दुकान उघडलंत आणि महिनाभरात शेल्फवर प्रोटीन पावडर मांडलीत, तर जुना माणूस गोंधळतो आणि नवा माणूस म्हणतो, "हे तर मसालेवाले, यांच्याकडून कशाला घेऊ?"

आता वही काढा, हिशेब मांडू

आकडे समजुतीपुरते घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, गावात ८०० माणसांना बाबांची खानावळ आठवते. उद्घाटनाच्या आठवड्यात त्यातली ४०० येऊन जेवून गेली. हे खरंच मोठं यश. ताटाचा दर १२० रुपये धरा. आठवड्याचा गल्ला झाला ४८,००० रुपये. तुम्ही खूश. मेहुणे म्हणतात, "महिन्याला दोन लाख कुठे गेले नाहीत." त्याच हिशेबावर तुम्ही दोन आचारी ठेवता, शेजारचा गाळा पण भाड्याने घेता, बँकेचा हप्ता बांधून घेता.

आता त्या ४०० पैकी दहातला एक माणूस दर आठवड्याला पुन्हा यायला लागला असं धरा. म्हणजे ४० माणसं. आठवड्याचा गल्ला ४,८०० रुपये. आचाऱ्यांचा पगार तोच, भाडं तेच, हप्ता तोच. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर बांधलेला खर्च आणि सहाव्या आठवड्याच्या गल्ल्यावर चालवायचं घर, यातलं अंतर कोण भरणार? आईचे दागिने भरतात, मित्रांनो. ते व्हायला नको म्हणून हा लेख लिहितोय.

म्हणून मोजायचं काय, तर दुसऱ्यांदा आलेली माणसं. पहिल्या महिन्यात गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा. नवा माणूस आला की एक रेघ, तोच माणूस पुन्हा आला की वेगळ्या पानावर एक रेघ. महिन्याच्या शेवटी दुसरं पान बघून खर्च ठरवा. पहिलं पान बघून फक्त पेढे वाटा.

मेबेरी : भेटून निरोप घेणंही शहाणपणाचं असतं

सगळीकडे पडझडच झाली असं नाही. 'द अँडी ग्रिफिथ शो' ही सीबीएसवरची मालिका १९६० ते १९६८ चालली, २४९ भाग. नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं मेबेरी नावाचं काल्पनिक छोटं गाव, तिथला शांत स्वभावाचा शेरीफ अँडी, त्याचा उतावळा मदतनीस बार्नी आणि अँडीचा लहान मुलगा ओपी. मालिका बंद झाली तेव्हा ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती.

१९८६ मध्ये एनबीसीने 'रिटर्न टू मेबेरी' दाखवला. अँडी बऱ्याच वर्षांनी गावात परततो. ओपी आता मोठा झालाय, गावचं वर्तमानपत्र चालवतो आणि बाप होणार आहे. ओपीचं काम करणारा रॉन हॉवर्ड तोवर नावाजलेला दिग्दर्शक झाला होता, तरी या सिनेमात तो नट म्हणून आला. बार्नीचं आणि थेल्मा लूचं रखडलेलं लग्न शेवटी लागतं. बघणाऱ्यांना जे जे हवं होतं, ते सगळं मिळालं. सिनेमाला प्रेक्षकही भरपूर मिळाले.

आणि मग? मेबेरीची नवी मालिका निघाली नाही. अँडी ग्रिफिथने त्याच वर्षी 'मॅटलॉक' नावाची पूर्णपणे नवी मालिका सुरू केली, ज्यात तो वकील होता. ती १९९५ पर्यंत चालली. जुन्या नावाचा मान राखून एक मोठी भेट, आणि रोजच्या भाकरीसाठी नवं काम. मला हे सर्वात शहाणपणाचं वाटतं.

तुम्हालाही हे करता येतं. बाबांची खानावळ कायमची उघडायलाच हवी, असं कुणी सांगितलं? गावच्या जत्रेत तीन दिवस बाबांच्या नावाची पाटी लावा, त्यांचं तेच मटण, तीच भाकरी. दिवाळीत पंधरा दिवस आजीच्या हातचा फराळ ऑर्डरप्रमाणे करा. नफा घ्या, आशीर्वाद घ्या, आणि रोजचा धंदा आजच्या गरजेवर उभा करा. वर्षातून एकदा येणारी गोष्ट लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

इथे एक पोटप्रकार आहे, तोही बघा. अँडी ग्रिफिथचं खरं जन्मगाव माउंट एअरी. या गावात १९९० पासून दर वर्षी 'मेबेरी डेज' नावाचा उत्सव भरतो. मालिकेतल्यासारख्या जुन्या पोलीस गाडीतून पर्यटकांना गाव फिरवून आणतात. आठवणीवर त्या गावात कितीतरी जणांचं घर चालतं. मग ते का चालतं? कारण तिथे येणारा माणूस रोज नवा आहे. त्याला एकदाच यायचंय आणि उद्या त्याच्या जागी दुसरा येणार आहे. तुमचं दुकान शिर्डीच्या रस्त्यावर किंवा महाबळेश्वरच्या बाजारात असेल, तर तुमचा हिशेब असा मांडता येईल. तुमचं दुकान गल्लीत असेल आणि गिऱ्हाईक त्याच दोनशे घरांतलं असेल, तर नाही. आधी स्वतःला विचारा, मी माउंट एअरीत आहे की गल्लीत?

बीव्हर : जुन्या नावाला आजचं काम मिळालं

"म्हणजे सर, जुन्या नावावर रोजचा धंदा होतच नाही का?" होतो. त्याचंही उदाहरण आहे.

'लीव्ह इट टू बीव्हर' १९५७ ते १९६३ चालली. नीटनेटकं घर, समजूतदार आईबाप, दोन मुलं, त्यातला धाकटा बीव्हर. १९८३ मध्ये सीबीएसवर 'स्टिल द बीव्हर' हा सिनेमा आला. वडिलांचं काम करणारे ह्यू बोमाँट १९८२ मध्ये वारले होते. सिनेमात वडीलही वारलेले आहेत, आई विधवा आहे. बीव्हरचा घटस्फोट होऊ घातलाय आणि तो दोन मुलांना घेऊन आईच्या घरी परत आलाय. आता तो बाप आहे आणि त्याला बाप होणं जमत नाहीये.

यातून मालिका निघाली, आधी डिस्ने चॅनलवर, मग केबलवरच्या दुसऱ्या वाहिनीवर, 'द न्यू लीव्ह इट टू बीव्हर' या नावाने. १९८९ पर्यंत ती चालली. भाग झाले शंभरच्या आसपास.

हे का टिकलं आणि ब्रेडीज का पडले? माझं मत सांगतो. बीव्हरच्या सिनेमात एक नवी गरज होती. त्या काळात अमेरिकेत घटस्फोट वाढले होते, एकटा बाप, एकटी आई, नातवंडं सांभाळणारी आजी हे चित्र घराघरात होतं. जुन्या ओळखीच्या माणसाला आजचा प्रश्न पडला होता आणि तो दर आठवड्याला नव्याने पडत होता. मुलं वाढवण्याचा प्रश्न एका रात्रीत सुटत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला कारण होतं. शिवाय मूळ मालिकेचा गाभा, म्हणजे घरातल्या पोरांचे छोटे घोळ, तसाच ठेवला होता. ब्रेडीजसारखा माल बदलला नाही. आणखी एक गोष्ट : ते छोट्या गाळ्यात गेले. मोठ्या वाहिनीचा हट्ट न धरता केबलवर, म्हणजे कमी गर्दी चालेल अशा जागी दुकान लावलं.

आता हेच मामाच्या सायकलच्या दुकानाला लावा. नाव जुनं, पण आज शहरात गुडघेदुखीवाले काका सायकल चालवायला लागलेत, शाळेची मुलं गिअरची सायकल वापरतात आणि ती दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. "मामांचं दुकान, गिअरच्या सायकली घरी येऊन दुरुस्त करतो." इथे जुन्या नावाने विश्वास दिला आणि आजच्या गरजेने पुन्हा यायचं कारण दिलं. दोन्ही लागतात. एकट्या नावाने भागत नाही.

मोठ्यांच्या धंद्यातही हेच दिसतं. कॅम्पा कोला २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आला. पन्नाशीतल्या लोकांना नाव आठवत होतं, ठीक. पण पंधरा वर्षांच्या पोराला त्या नावाशी काय देणंघेणं? त्याला दहा रुपयांची बाटली दिसली.

जो माणूस आता नाही, त्याचं काय करायचं?

जुना धंदा पुन्हा उभा करताना हा सर्वात नाजूक प्रश्न. बाबा गेलेत, जुना आचारी गावी परतलाय, आजीचा हात आता चालत नाही. पुनर्भेटीच्या सिनेमांना हाच प्रश्न पडला आणि त्यांनी दोन प्रकारे सोडवला.

एक प्रकार, गुपचूप दुसरा माणूस उभा करणं. गिलिगनच्या सिनेमांत जिंजर या नटीचं पात्र मूळ अभिनेत्रीने केलं नाही, दुसरीला घेतलं आणि तिसऱ्या सिनेमात तिसरीच. 'आय ड्रीम ऑफ जिनी' ही अशीच लाडकी मालिका. १९८५ मध्ये तिचा पुनर्भेटीचा सिनेमा आला तेव्हा लॅरी हॅगमन 'डॅलस'मध्ये गुंतला होता, म्हणून टोनीच्या जागी वेन रॉजर्स आला. नाव टोनी, चेहरा दुसराच. आणि गंमत बघा, लोक खास चेहरे बघायलाच आले होते!

दुसरा प्रकार, खरं सांगणं. मेबेरीत बी आत्याचं काम करणाऱ्या फ्रान्सिस बेव्हियर सिनेमात आल्या नाहीत. तर सिनेमात त्या पात्राचं निधन झालेलं दाखवलं आणि अँडी तिच्या कबरीपाशी जातो. बीव्हरच्या सिनेमातही वडिलांची जागा रिकामी ठेवली, आणि त्या रिकाम्या जागेतूनच गोष्ट पुढे गेली. बघणाऱ्यालाही त्या माणसाची आठवण येतच होती. ती मान्य केल्यावर तो सिनेमाच्या जवळ आला.

तुम्ही काय कराल? "तीच चव, तोच हात" असं पाटीवर लिहू नका, हात बदलला असेल तर. पहिल्या घासाला कळतं. त्यापेक्षा बाबांचा फोटो लावा आणि खाली साधं लिहा : "रेसिपी बाबांची, हात मुलीचा." गिऱ्हाईक तुमच्या बाजूने उभं राहतं. थोडं कमी-जास्त झालं तर "शिकतेय पोरगी" म्हणून सांभाळूनही घेतं. तोच हात म्हणून सांगितलंत आणि तो निघाला नाही, तर चुकीला माफी मिळत नाही.

उघडण्याआधी तीन प्रश्न

जुना धंदा पुन्हा उभा करायचं मनात असेल, तर हे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि उत्तरंही लिहा. तोंडी नको, तोंडी आपण स्वतःला सहज फसवतो.

१. माझ्याकडे येणारा माणूस काय बघायला येणार आहे, आणि ते बघून झाल्यावर पुढच्या आठवड्यात कशासाठी येईल? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर एका ओळीत लिहिता येत नसेल, तर अजून गाळा बघू नका.

२. मी भेट ठेवतोय की धंदा? भेट असेल तर तीन दिवस, पंधरा दिवस, सणापुरती. खर्चही तेवढाच. धंदा असेल तर सहाव्या आठवड्याच्या गल्ल्यावर खर्च बसवायचा.

३. कोण माणूस, कोणती गोष्ट आता नाहीये, आणि ते मी गिऱ्हाइकाला कोणत्या शब्दांत सांगणार? ते वाक्य आधी घरच्यांना म्हणून दाखवा.

आणि शक्य असेल तर भेट आधी, धंदा नंतर. ब्रेडीजनेही भेटीपासूनच सुरुवात केली होती, पण भेटीच्या गर्दीने त्यांचे डोळे दिपले. तुम्ही भेट ठेवा, वही ठेवा, दुसऱ्या पानावरच्या रेघा मोजा. पंधरा दिवसांच्या स्टॉलला जे भांडवल लागतं, त्याच्या कितीतरी पट वर्षभराच्या गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये अडकतं.

शेवटची एक गोष्ट. यातलं काही वाचून नाराज होऊ नका. लोक तुमच्या बाबांची आठवण काढतात, ही तुम्ही न कमावता मिळालेली इस्टेट आहे. तिला तारण ठेवून कर्ज काढू नका, एवढंच माझं म्हणणं. तिच्या जोरावर पहिला माणूस दारात येईल. त्याला पाणी द्या, बाबांच्या चार गोष्टी सांगा, आणि मग हळूच विचारा, "काका, आज तुम्हाला रोज काय लागतं हो? काय मिळत नाही इथे?" त्याचं उत्तर वहीत लिहून घ्या. तुमचा धंदा त्या उत्तरात असेल.

तीन प्रश्नांची उत्तरं या रविवारपर्यंत लिहून काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा, उधारी कमी ठेवा. नमस्कार!